वाट वाकडी करून गुरेझला

काश्मीरला जाणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. श्रीनगरला दाल सरोवर आणि मुघल बागा, एक दिवस गुलमर्ग, एक दिवस पहलगाम, एक दिवस सोनमर्ग, हजरतबलला एक नमाज, अक्रोड-केशराची खरेदी आणि परतीचे विमान. यात गैर काही नाही. आयुष्यात एकदाच जाणे होते, तेव्हा ज्यांची नावे ऐकली ती ठिकाणे पाहावीशी वाटणारच. पण यांतले एखादे ठिकाण गाळायची तयारी असेल, तर उत्तरेकडे वाट वाकडी करून पाहण्यासारखी एक नदी आहे. तिचे नाव किशनगंगा. ती ज्या खोऱ्यातून वाहते त्याचे नाव गुरेझ.

आम्ही चिपळूणचे. मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण काश्मीरला गेलो होतो. आम्ही दोघे, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या अम्मी. सात दिवसांतून गुलमर्ग काढून टाकले आणि दोन रात्री गुरेझला दिल्या. मुलांनी सुरुवातीला तोंडे वाकडी केली, कारण गुलमर्गच्या पाळण्यात बसायचे त्यांच्या मनात पक्के होते. अम्मींनी मात्र नाव ऐकताच विचारले, "ही नदी पुढे कुठे जाते?" आम्ही म्हटले, "पलीकडे." त्या एवढेच म्हणाल्या, "मग जाऊ या."

त्या असे का म्हणाल्या, ते पुढे येईलच.

वुलरच्या काठाने

गुरेझ बांदीपोरा जिल्ह्यात आहे. श्रीनगरहून सकाळी लवकर निघाले तर दुपार टळेपर्यंत पोहोचता येते. पहिला टप्पा सपाट आहे. भाताची खाचरे, चिनार, सफेदे आणि मग डाव्या हाताला वुलर सरोवर. वुलर हे देशातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या सरोवरांपैकी एक. झेलम नदी यात शिरते आणि पुढे बाहेर पडते. पंधराव्या शतकात काश्मीरचा सुलतान जैनुल आबिदीन, ज्याला तिथले लोक आजही प्रेमाने 'बडशाह' म्हणतात, त्याने या सरोवरात एक बेट तयार करवून घेतले होते. वादळात सापडलेल्या नावाड्यांना आसरा मिळावा, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. काठावरची माणसे आजही मासे आणि शिंगाड्यांवर घर चालवतात. रस्त्याच्या कडेला मासे विकणाऱ्या बाया पाहून अम्मींनी गाडी थांबवायला लावली. मासा ओळखीचा नव्हता, पण कल्ले उघडून ताजेपणा बघायची रीत तीच. कोळणीशी घासाघीस करायची त्यांना इतकी सवय, की भाषा येत नसतानाही त्यांनी भाव विचारून घेतला. घ्यायचे काहीच नव्हते.

बांदीपोरा शहर सोडले की चढ सुरू होतो. इथून गुरेझचे मुख्य गाव दावर सुमारे ८५ किलोमीटर. अंतर ऐकून फसू नये, कारण वाटेत राजदानची खिंड ओलांडावी लागते आणि तिची उंची साडेअकरा हजार फुटांहून अधिक आहे. कुंभार्ली घाटाची सवय असलेल्या आम्हालाही हा घाट संपता संपेना. वळणावर वळण, खाली मागे पडत गेलेले वुलर आणि वर देवदाराचे जंगल. त्रागबलच्या आसपास जंगल विरळ होत जाते, आणि मग नुसती हिरवळ व बर्फ. मेअखेरीस रस्ता मोकळा होता, पण दोन्ही बाजूंना बर्फ साचलेलाच होता. मुलांना गुलमर्गचा विसर पडला तो इथे.

ही वाट जुनी आहे. फाळणीपूर्वी श्रीनगरहून गिलगिटला जायचा मार्ग हाच होता. बांदीपोरा, राजदान, गुरेझ, मग बुर्झिलची खिंड आणि पलीकडे गिलगिट. खेचरांचे तांडे मीठ, चहा, कापड घेऊन याच वाटेने जात. आज बुर्झिल नियंत्रण रेषेच्या पलीकडे आहे. त्यामुळे एके काळी मधला मुक्काम असलेले गुरेझ आता रस्त्याचे शेवटचे टोक होऊन बसले आहे.

खिंडीजवळ पीरबाबांची जियारत आहे. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते, लष्कराचीसुद्धा. आम्ही दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलो नाही. चिपळूणच्या आमच्या डॉक्टरांनी अम्मींना तपासून निघतानाच बजावले होते: रक्तदाबाची गोळी चुकवू नका, उंचावर रेंगाळू नका, दम लागला तर सरळ खाली उतरा. अम्मी गाडीतून उतरल्या नाहीत. काच खाली करून त्यांनी दुआ केली, मुठीत थोडा बर्फ मागून घेतला, आणि आम्ही उताराला लागलो.

नदी दिसते ती जागा

राजदान उतरून कंझलवानला आले की किशनगंगा पहिल्यांदा भेटते. वरून येताना ती आधी ऐकू येते, मग दिसते. रंग कसा सांगावा? मे महिन्यात बर्फ वितळत असल्याने पाणी पूर्ण निळे नव्हते. कच्च्या कैरीच्या आतल्या गरासारखा फिकट हिरवा रंग, आणि खडकावर आपटेल तिथे पांढरा फेस. पलीकडच्या तीरावर देवदार थेट पाण्यापर्यंत उतरलेले. वाशिष्ठीच्या काठी वाढलेल्या आम्हाला मोठी नदी नवी नव्हती, पण वाशिष्ठी खाडीला मिळायच्या आधीच संथ होते. ही इतक्या घाईत होती, की तिच्या काठी मोठ्याने बोलावे लागत होते.

ही नदी सोनमर्गच्या वरच्या अंगाला, किशनसर आणि विशनसर या तळ्यांच्या परिसरात उगम पावते. तुलैलच्या खोऱ्यातून ती गुरेझला येते, आणि पुढे नियंत्रण रेषा ओलांडते. तिथून तिचे नाव बदलून नीलम होते. तिची लांबी साधारण २४५ किलोमीटर आहे. त्यांतले सुमारे ५० किलोमीटर अलीकडे आणि बाकीचे पलीकडे. मुझफ्फराबादजवळ ती झेलमला मिळते.

काठावर एक सपाट जागा पाहून आम्ही नमाजसाठी थांबलो. वुजूसाठी पाण्यात हात घातला तर बोटे बधिर झाली. मुलगा ओरडलाच. आम्ही कोकणातले शाफई, प्रवासात जुहर आणि असर कसर करून एकत्र पढली. आमचा चालक बांदीपोऱ्याचा, हनफी. त्याने जुहर पढली आणि असरसाठी दावरला पोहोचल्यावर पुन्हा मशीद गाठली. मुलीने कारण विचारले. तो हसून म्हणाला, "बेटी, तुमची वाटही बरोबर, आमचीही. गाडी एकच आहे."

लाकडी घरात

दावर साधारण आठ हजार फुटांवर आहे. इथले लोक दर्द वंशाचे आणि त्यांची भाषा शिना. ती काश्मिरीपेक्षा वेगळी आहे आणि गिलगिटकडेही बोलली जाते. आमच्याशी ते उर्दूत बोलत. जुनी घरे ओंडक्यांवर ओंडके रचून केलेली, छपरेसुद्धा लाकडी. नव्या घरांवर पत्रा आला आहे. आम्ही ज्या घरी उतरलो त्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या, बाकीच्यांत तीन पिढ्यांचे कुटुंब राहत होते. घरमालक चाचा सत्तरीला टेकलेले. त्यांच्या बेगमला आम्ही चाची म्हणू लागलो. दोन सुना, नातवंडे आणि गोठ्यात गाय.

पहिल्या संध्याकाळी नमकीन चहा आला. गुलाबी रंग पाहून मुलांनी मोठा घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहत राहिली. अम्मींनी मात्र दोन पेले घेतले. रात्री राजमा, भात आणि बटाट्याची भाजी. गुरेझचा राजमा आणि बटाटा काश्मीरभर नावाजलेला आहे. या खोऱ्यातले काळे जिरेही प्रसिद्ध. चाचीने एक चिमूट तळहातावर चोळून अम्मींच्या नाकाशी धरली. नंतर अर्धा तास दोघी मसाल्यांवर बोलत होत्या. अम्मींची उर्दू कोकणी वळणाची, चाचीची शिना वळणाची. पण जेवणाच्या विषयात कुठेच अडले नाही.

चाचीने आपली कोठी दाखवली. त्यात वाळवलेली वांगी, टोमॅटो, दुधी, पालेभाज्या. मागच्या हिवाळ्यातले उरलेसुरले होते. नोव्हेंबरनंतर कधीही राजदानवर बर्फ पडतो आणि रस्ता बंद होतो. मग चार ते सहा महिने गुरेझ जगापासून तुटते. पीठ, तांदूळ, तेल, औषधे, सरपण, जनावरांचा चारा, सगळे आधीच भरून ठेवायचे. अम्मी म्हणाल्या, "म्हणजे आमच्या आगोटीसारखेच." आणि त्यांनी चाचीला समजावून सांगितले, की आमच्याकडे पाऊस लागायच्या आधी सुके बोंबील, सुकट, कोकम, पापड, मिरच्या आणि लाकूडफाटा कसा भरून ठेवतात. चाची म्हणाली, "तुमचा पाऊस किती महिने?" अम्मी म्हणाल्या, "चार." चाची म्हणाली, "मग तुमचे बरे आहे. पावसात निदान दवाखान्यात तरी जाता येते."

हे वाक्य तिने तक्रारीच्या सुरात म्हटले नव्हते. पण हिवाळ्यातले आजारपण आणि बाळंतपण ही इथल्या बायकांची मोठी काळजी असते. हवामान ठीक असेल तर हेलिकॉप्टर येते आणि अडल्या रुग्णाला बांदीपोऱ्याला किंवा श्रीनगरला नेते. हवामान ठीक नसेल तर थांबावे लागते. थोरल्या सुनेच्या पहिल्या बाळंतपणाची तारीख जानेवारीतली होती, म्हणून तिला ऑक्टोबरमध्येच बांदीपोऱ्याला नातेवाइकांकडे नेऊन ठेवले होते. ज्यांची खाली खोली घ्यायची ऐपत आहे ती बरीच कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठीही हिवाळ्यात खाली उतरतात. ज्यांची नाही ती बर्फात राहतात.

वळवलेले पाणी

दावरहून खाली नजर टाकली की नदी एके ठिकाणी एकदम रुंद आणि शांत होते. ते धरणाचे पाणी. इथे ३७ मीटर उंचीचे धरण बांधले आहे. त्यामागे अडवलेले पाणी डोंगराच्या पोटातून २३ किलोमीटरहून लांब बोगद्याने बांदीपोऱ्याकडे नेले जाते. तिथल्या जमिनीखालच्या वीजगृहात ३३० मेगावॉट वीज तयार होते. मग ते पाणी ओढ्यातून वुलरला आणि वुलरमधून झेलमला जाते. मे २०१८ मध्ये या प्रकल्पाचे लोकार्पण झाले.

धरणासाठी बडवान गावच्या लोकांना घरे आणि जमिनी सोडाव्या लागल्या. चाचांच्या बहिणीचे सासर त्याच गावचे. मोबदला मिळाला, त्यातून त्यांनी खोऱ्याबाहेर घर बांधले. "घर चांगले आहे," चाचा म्हणाले, "सिमेंटचे आहे. पण कब्रस्तान कुठे नेणार?" आम्ही गप्प राहिलो.

चिपळूणच्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटते. आमच्याकडची कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिचा स्वाभाविक ओघ पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे. पण १९६० च्या दशकात धरण झाले, सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढले गेले, आणि तिचे पाणी पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहात उतरले. वीज तयार झाल्यावर तेच अवजल वाशिष्ठीत येते. म्हणून आमची वाशिष्ठी भर उन्हाळ्यातही वाहते, आणि दाभोळला अरबी समुद्राला मिळते. ज्या कोयनेने महाराष्ट्राचे कारखाने चालवले, तिच्या प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न सहा दशकांनंतरही संपलेले नाहीत. आम्ही लहानपणापासून वळवलेल्या नदीच्या खालच्या अंगाला राहत आलो. पाणी आमच्याकडे येते. गुरेझला आम्ही पहिल्यांदा वरच्या अंगाला उभे होतो, जिथून पाणी जाते.

आमच्या मुलीने विचारले, "मग इथे भरपूर वीज असेल ना?" चाचांनी छताच्या दिव्याकडे बोट दाखवले. तो दिवा ग्रिडच्या विजेवर पहिल्यांदा पेटला नोव्हेंबर २०२३ मध्ये. तोवर या खोऱ्यात संध्याकाळचे काही तास डिझेलच्या जनरेटरवर वीज मिळे, तीही सगळीकडे नाही. म्हणजे गुरेझच्या पाण्यावर वीज तयार व्हायला लागली २०१८ मध्ये, आणि गुरेझच्या घरांत मोठ्या तारेने वीज आली पाच वर्षांनी. मुलीने बोटांवर वर्षे मोजली आणि म्हणाली, "हे उलट झाले." धाकटी सून हसली. म्हणाली, "पण आली. आता माझा मुलगा रात्री अभ्यास करतो. मी नाही म्हणणार नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आम्हाला वाटते, मुलांनी दोन्ही ऐकल्या हे बरे झाले.

या पाण्यावरून दोन देशांत वादही झाला. १९६० च्या सिंधू पाणीवाटप कराराच्या आधारे पाकिस्तानने आक्षेप घेतला आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २०१३ मध्ये लवादाने पाणी वळवायला भारताला मुभा दिली, पण नदीच्या मूळ पात्रात सेकंदाला किमान ९ घनमीटर पाणी सोडत राहावे असेही ठरवले. गंमत अशी की बोगद्याने गेलेले पाणी वुलर आणि झेलममार्गे जाते, पात्रातले पाणी नीलम होऊन जाते, आणि दोन्ही शेवटी मुझफ्फराबादला एकमेकांना भेटतात. माणसांना जी रेषा ओलांडता येत नाही, ती पाणी दोन वाटांनी ओलांडते.

पलीकडचे लोक

दुसऱ्या सकाळी चाचा आम्हाला तुलैलच्या दिशेने घेऊन गेले. वाटेत लाकडी घरांची गावे, बटाट्याची पेरणी चाललेली शेते, पाठीवर गवताचे भारे घेतलेल्या बाया. नदी कायम सोबतीला. एका पुलाजवळ बसून चाचांनी आपल्या घरची गोष्ट सांगितली.

१९४८ च्या उन्हाळ्यात या खोऱ्यात लढाई झाली. लढाई थांबली तेव्हा रेषा जिथे होती तिथेच राहिली. चाचांचे थोरले काका त्या वेळी कामासाठी पलीकडे गेले होते. ते तिकडेच राहिले, तिथेच लग्न केले, तिथेच मुले झाली. चाचांचा जन्म त्यानंतरचा. त्यांनी काकांना कधी पाहिले नाही. एप्रिल २००५ मध्ये श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली तेव्हा चाचांच्या वडिलांनी अर्ज केला, वर्षभराने परवाना मिळाला, आणि दोघे भाऊ जवळजवळ साठ वर्षांनी भेटले. "अब्बा पंधरा दिवस राहून आले," चाचा म्हणाले. "परत आल्यावर आठवडाभर बोललेच नाहीत. मग एके दिवशी म्हणाले, भावाचे हात अगदी आमच्या वडिलांसारखे झालेत." २०१९ मध्ये ती बस बंद झाली. तोवर दोघे भाऊ अल्लाहला प्यारे झाले होते.

किशनगंगेच्या काठी अशी घरे पुष्कळ आहेत. खाली कुपवाडा जिल्ह्यात केरनला तर नदीच रेषा आहे. दोन्ही तीरांवर एकाच कुळातली माणसे उभी राहून एकमेकांना हात करतात. गोळीबार चालू असे तेव्हा तेही शक्य नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यांनी शस्त्रसंधी पाळायचे ठरवले, तेव्हा बंदुका थांबल्या आणि या बाजूला पाहुणे येऊ लागले. आमच्यासारख्यांना चाचांच्या घरी राहता आले, ते त्यामुळेच.

अम्मी सगळे ऐकत होत्या. मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. त्यांची थोरली बहीण, आमची मोठी खाला, १९६० च्या दशकात लग्न होऊन कराचीला गेली. कोकणातल्या कित्येक मुसलमान घरांतून तेव्हा मुली कराचीला दिल्या जात. नातेवाईक दोन्हीकडे होते आणि अंतर फार वाटत नसे. खाला शेवटची चिपळूणला आली १९८० च्या दशकात, एका लग्नाला. त्यानंतर व्हिसा, आजारपण, तणाव, काही ना काही निघत राहिले. आता दोघी मोबाइलवर एकमेकींना पाहतात. खालाला कमी ऐकू येते, म्हणून अम्मी ओरडून बोलतात आणि शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाते.

तेव्हा आम्हाला समजले, की नदी पलीकडे जाते एवढ्यावर अम्मी राजदान चढायला का तयार झाल्या. चाचांनी त्यांना हिशेब सांगितला. नीलम झेलमला मिळते, झेलम चिनाबला, आणि चिनाबचे पाणी पुढे सिंधूला. सिंधू समुद्राला मिळते ती कराचीपासून फार दूर नाही. आम्ही भर घातली, की कराचीला पिण्याचे पाणीही मुख्यत्वे सिंधूचेच, किंजर तलावातून आणलेले. अम्मींनी विचारले, "म्हणजे हे पाणी आपाच्या नळाला येईल?" चाचा म्हणाले, "थोडे तरी येईलच, इन्शाअल्लाह."

अम्मी मुलीचा हात धरून काठावर उतरल्या. गुडघ्यांमुळे खाली बसता येईना, म्हणून मुलीने ओंजळीत पाणी आणून दिले. त्यांनी ते हातांवरून ओघळू दिले. दुआ करताना त्यांचे ओठ हलले, पण काय मागितले ते आम्ही विचारले नाही.

चिपळूणला परतल्यावर अम्मींनी खालाला व्हिडिओवर सगळे सांगितले. खालाने दोन वेळा "काय?" म्हटले, मग समजल्यावर विचारले, "पाणी गोड होते का?" अम्मी म्हणाल्या, "बर्फासारखे थंड होते. गोड की कसे, ते चाखायचे राहिले." मग दोघी बराच वेळ हसत होत्या.

हब्बा खातूनचा डोंगर

दावरच्या मागे पिरॅमिडसारखा निमुळता एक उघडा डोंगर उभा आहे. त्याचे नाव हब्बा खातून. सोळाव्या शतकातली ही काश्मिरी कवयित्री. पाम्पोरजवळच्या गावातली शेतकऱ्याची मुलगी, जिचे नाव झून, म्हणजे चंद्र, होते असे सांगतात. पहिले लग्न दुःखाचे ठरले. पुढे काश्मीरचा सुलतान यूसुफ शाह चक याच्याशी तिचा विवाह झाला. अकबराने यूसुफ शाहला कैद केले आणि १५८६ मध्ये काश्मीर मुघल साम्राज्यात गेले. यूसुफ शाह पुन्हा काश्मीरला आला नाही. त्याची कबर बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या बिस्वक गावी आहे. हब्बा खातूनची विरहाची गीते काश्मिरी बायका आजही लग्नाकार्यात आणि शेतात गातात.

गुरेझचे लोक म्हणतात, की ती पतीच्या शोधात या डोंगराखाली भटकत असे. डोंगराच्या पायथ्याशी एक झरा खडकातून उसळतो, तोही तिच्याच नावाचा. इतिहासाच्या दृष्टीने ही आख्यायिका आहे आणि तिची कबर श्रीनगरजवळ अथवाजनला दाखवली जाते. पण ज्या खोऱ्यात घरोघरी कुणीतरी पलीकडे राहिले आहे, तिथे वाट पाहणाऱ्या बाईचे नाव डोंगराला का दिले गेले असेल, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

जाणाऱ्यांसाठी

गुरेझला जायचा काळ मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. मेअखेरीस बर्फ आणि हिरवळ दोन्ही दिसतात, जुलै-ऑगस्टमध्ये फुले आणि सप्टेंबरमध्ये स्वच्छ आकाश. कमीत कमी दोन रात्री ठेवा. एकाच दिवसात जाऊन यायचे म्हटले तर नुसता घाटच पाहून परत याल.

हा सरहद्दीचा भाग आहे. निघण्यापूर्वी प्रवास खुला आहे का, परवानगी किंवा नोंदणी कुठे करायची, याची बांदीपोऱ्याच्या जिल्हा प्रशासनाकडे किंवा पर्यटन खात्याकडे ताजी चौकशी करा. परिस्थितीनुसार नियम बदलतात. प्रत्येकाचे आधार कार्ड, मुलांचेसुद्धा, जवळ ठेवा. तपासणी नाक्यांवर वेळ जातो, तिथे घाई करू नका. लष्करी ठाणी, पूल आणि धरण यांचे फोटो काढू नका.

आपल्याकडचे प्रीपेड मोबाइल काश्मीरमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड चालतात, पण गुरेझमध्ये त्यांचाही भरवसा धरू नका. रोख रक्कम श्रीनगर किंवा बांदीपोऱ्यालाच काढून घ्या. मे-जूनमध्येही रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा लोकरीचे कपडे, कानटोपी आणि पायमोजे न्या.

वडीलधारी माणसे सोबत असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर विशेष. श्रीनगरला दोन रात्री राहून, शरीराला उंचीची सवय झाल्यावरच राजदान चढा, आणि खिंडीत फार वेळ थांबू नका. नेहमीची औषधे चार दिवस जास्तीची बाळगा.

किशनगंगेच्या पाण्यात उतरू नका. काठाशी उथळ दिसते, पण ओढ जबर आहे आणि पाणी इतके थंड की हातपाय लगेच आखडतात. मुलांचा हात सोडू नका.

आणि जमल्यास हॉटेलऐवजी एखाद्या घरात उतरा. भाड्याचे पैसे थेट त्या कुटुंबाला मिळतात, आणि पाहुण्यांच्या चार महिन्यांच्या कमाईवर त्यांना बर्फाचे सहा महिने काढायचे असतात. निघताना त्यांच्याकडूनच शेर-दोन शेर राजमा विकत घ्या. तो रात्रभर भिजवावा लागतो, शिजायला वेळ घेतो, पण आमच्या घरी चिपळूणला तो संपला तेव्हा मुलांनी पहिल्यांदाच विचारले, की आणखी कधी आणायचा.